गुलजमालच्या पाठीवरची चांदी

गुलजमाल गेली त्या सकाळी मी स्वयंपाकघरात पाट टाकून कोलंबी सोलत होते. वरच्या मजल्यावरची नसीम, तिची मुलगी, अनवाणीच जिना उतरून आली आणि दारात उभी राहिली. ओढणी अर्धी खांद्यावर, अर्धी लादीवर. "खाला, अम्मी उठत नाय," एवढंच म्हणाली. मला ती खाला, म्हणजे मावशी म्हणते. मी तशाच ओल्या हातांनी वर धावले. इसाकभाई, म्हणजे गुलजमालचा नवरा, पलंगाच्या कडेला बसून तिच्या मनगटातल्या सोन्याच्या बांगड्या सारख्या करत होते. मी तिच्या नाकाशी बोटं धरली, मग तिला कुशीवर करावं म्हणून खांद्याखाली हात घातला, तर हाताला गार चांदी लागली. वेण्यांवर बांधलेला तिचा तो दागिना तसाच पाठीखाली होता. खरं सांगते, मला रडू नंतर आलं. आधी राग आला. अगो बाई, शेवटी राहिलाच ना तो तुझ्याच पाठीवर...

तिचा चाळिसावा दिवस अजून व्हायचाय. माझा पाय घरात ठरत नाही. भांडं घासायला घेते नि तसंच ठेवून गॅलरीत जाते, गॅलरीतून जिन्यात, जिन्यातून परत. आमचे हे म्हणाले, "हलीमा, एका जागी बस, नाहीतर कागद घेऊन लिही तरी, रत्नागिरीच्या शाळेत निबंधाला बक्षीस मिळालं होतं ना तुला?" म्हणून लिहायला बसलेय. गुलजमालला या दुनियेत एकच गोष्ट करून जायची होती. पाठीवरचा तो चांदीचा दागिना आपल्या हाताने लेकीच्या पाठीवर बांधायचा होता. तेवढं तिला आम्ही करू दिलं नाही. आम्ही म्हणजे कोण, ते पुढे येईल.

आम्ही कुवेतला आलो तेव्हा इथे आपलेच रुपये चालायचे आणि पाणी गाढवावरून विकायला यायचं. समुद्राच्या बाजूच्या जुन्या वस्तीत मातीच्या भिंतींची घरं, मधे अंगण, उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचं. गल्लीत रत्नागिरी-रायगडकडची आम्ही कोकणी मुसलमानांची पाच-सहा बिऱ्हाडं. इसाकभाई आमच्यातलेच, सूकमध्ये, म्हणजे इथल्या बाजारात, एका गालिच्यांच्या दुकानात कामाला, एकटे, तोंडाने गरीब. त्या दुकानात इराणच्या पार उत्तरेकडून, तुर्कमेन लोकांच्या मुलखातून, एक म्हातारा गालिचे घेऊन यायचा. एका खेपेला तो लेकीला बरोबर घेऊन आला. आई वारलेली, मागे ठेवायची कुणाकडे? इथे येऊन म्हातारा तापाने पडला, इसाकभाईंनी त्याची उस्तवार केली, आणि बरा झाल्यावर त्याने लेक त्यांनाच देऊन टाकली. निकाह लावून गेला तो पुन्हा काही आला नाही.

नवी नवरी आमच्या गल्लीत आली ती आधी ऐकू आली, मग दिसली. डोक्याला चांदीची पट्टी, गळ्याशी वाटीएवढी गोल टिकली, तिच्यात लाल अकीकाचे खडे बसवलेले, हातात चार बोटं रुंद कडी, आणि पाठीवर, दोन वेण्यांच्या शेवटाजवळ, पिंपळपानाच्या आकाराचा चांदीचा पत्रा. त्याला खाली बारक्या साखळ्या आणि घुंगरं. चालली की सगळं वाजायचं. बायका उंबऱ्यात उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसल्या. आमच्याकडे चांदी पायात, सोनं गळ्यात. पायातलं डोक्यावर घालून आली म्हटल्यावर हसणार नाहीत तर काय? कुणीतरी म्हणालं, "इसाकने बैल आणलान काय घरात?" मी मात्र हसले नाही, पण गप्पही बसवेना. माझ्या जिभेला हाड नाही हे सासरमाहेर दोन्हीकडे ठाऊक आहे. मी सरळ तिच्या अंगणात गेले नि हिंदीत विचारलं, "हे एवढं ओझं पाठीवर कशाला? तुला स्वतःला तर दिसतही नाही."

तिला हिंदी कुठली यायला. ती फारसीतलं काही बोलली, मग हात करून दाखवलं. डोळ्यांना बोट लावलं, समोर दाखवलं: पुढून येणारं आपल्याला दिसतं. मग पाठीमागे दाखवून मान हलवली: मागून येणारं दिसत नाही. आणि पाठीवरचा पत्रा बोटाने हलवून वाजवला. मला इतकं लख्ख कळलं की मी तिथेच बसले. पुढे ती आमची बोली शिकली, माझ्याकडूनच, आणि मला 'बाजी' म्हणायला लागली. तिच्याकडेही थोरल्या बहिणीला असंच काहीसं म्हणतात. मग हळूहळू सगळं सांगायची. चांदी अंगावरची नजर पिऊन घेते. अकीक रक्त राखतो, बाळंतिणीला जपतो. नळीसारखी डबी असते तिच्यात दुआ लिहिलेला कागद. हे मला सांगावं लागलं नाही, आमचा ताईत तोच. आणि आवाज सगळ्यांत महत्त्वाचा, कारण वाईट गोष्टीला आवाज खपत नाही. "आणि पाठीवरचं?" मी विचारलं. ते लग्न झालेल्या बाईचं. मुलगी असते तोवर डोक्यावर घुमटासारखी चांदीची टोपी. लग्न झालं की टोपी उतरते आणि आई पाठीवर हे बांधते. "माझ्या आईने मला एकदम नाय दिलं," गुलजमाल म्हणाली. "एक कडं, मग दुसरं कडं. मी भरत गेले, ती रिकामी होत गेली. शेवटी तिच्या अंगावर एक अंगठी. इतकी हलकी चालायची बाजी, मी तिला बघून हसायची." मी म्हटलं, आमच्याकडे बाईच्या अंगावरून एकेक उतरायला लागलं तर घरात रडारड होईल. तिला ते पटलं नाही. "रिकामी झाली म्हणजे काम झालं," ती म्हणाली.

गल्लीतल्या बायकांचं हसणं पुढे थांबलं, पण कौतुक कुणी केलं नाही. कौतुक झालं ते जहऱ्याला. थंडीच्या दिवसांत आम्ही दोन्ही घरं लॉरीत बसून तिकडे गेलो होतो. तेव्हा जहरा म्हणजे खजुराच्या बागा, मातीची घरं आणि कडेला वाळवंटात भटकणाऱ्या बदूंचे तंबू. तूप विकायला बसलेल्या एका बदू म्हातारीने गुलजमालला पाठमोरी पाहिलं, काही न विचारता उठली, आणि तिचा पाठीवरचा दागिना हातात धरून कानाशी वाजवून पाहिला. म्हातारीच्याही गळ्यात चांदीच होती, काळी पडलेली, जड. ती अरबीत बोलली, ही तुर्कमेनीत, आणि दोघी बराच वेळ एकमेकींचे दागिने चाचपत बसल्या. परतताना गुलजमाल सारखी मागे वळून बघत होती. मला म्हणाली, "बाजी, तिने नाय विचारलं ह्यात किती चांदी आहे. तिने वाजवून बघितलं." त्या दिवशी ती जितकी खूश होती तितकी मी तिला नसीमच्या जन्मालाही पाहिली नाही, आणि मी दोन्ही वेळा तिच्याजवळ होते.

नसीम एकटीच. तिच्यानंतर दोनदा पोट राहिलं आणि दोनदा गेलं. अकीकाने राखलं नाही म्हणून मी चिडले, तर गुलजमाल म्हणाली, "एक राखली ना." लहानपणी नसीम ईदला ती घुमटाची टोपी घालून गल्लीभर वाजत फिरायची, पोरं मागे पळायची. मग ती शाळेत जायला लागली, दोन इयत्ता झाल्या, आणि एका ईदेला टोपी घालायचीच नाही म्हणाली. "Everybody laughs," असं आईला इंग्रजीत सुनावलंन. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण सूर कळला. तिने टोपी कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवली आणि शेवया करायला गेली. मला म्हणाली, "टोपी राहू दे. टोपी काय, उतरायचीच असते."

नंतर सरकारने जुनी घरं घेतली, पाडली, रस्ते केले. रुपये जाऊन दिनार आले. आम्ही शहराच्या हवल्ली भागात एकाच इमारतीत आलो, आम्ही पहिल्या मजल्यावर, ती दुसऱ्या. खिडकीत एसी बसले, दारं बंद झाली. एवढ्या घरघरीतही तिच्या घुंगरांचा आवाज जिन्यातून यायचाच. सकाळी पावासाठी खाली उतरली की मला कळायचं. बायका सोन्याच्या बांगड्यांत बुडाल्या होत्या. इसाकभाई आता स्वतःच्या दुकानाचे मालक, त्यांनीही गुलजमालला सोन्याच्या बांगड्या केल्या. ती चांदीच्या कड्यांच्या मागे त्या घालायची, नवऱ्याचं मन मोडू नये म्हणून.

गेल्या वर्षी तिच्या पायांना सूज दिसायला लागली. मग हातांना, चेहऱ्याला. मूत्रपिंडं निकामी होत चालली होती, डॉक्टरांनी काही लपवलं नाही. त्याच सुमारास नसीमचा निकाह ठरला, मुलगा आमच्याच गाववाल्यांचा, तारीख येत्या ईदेनंतरची. गुलजमालने एका दुपारी मला वर बोलावलं. पुढ्यात सगळे दागिने मांडले होते. "आता वाटायचं," म्हणाली. गळ्यातली टिकली इसाकभाईंच्या भाचीला. कडी गल्लीतल्या जुन्या शेजारणीच्या दोन मुलींना, ज्या तिच्या अंगाखांद्यावर खेळल्या होत्या. ताईताची नळी माझ्या सुनेला, ती पोटुशी होती म्हणून. "आणि हे नसीमला. निकाहापर्यंत मी नाय पुरायची, म्हणून आताच, आणि हे मी बांधणार. टेबलावर ठेवून द्यायचं नाय. मेलेल्या बाईच्या अंगावरचं घेतलं तर ते सामान होतं बाजी. जित्या हाताने दिलं तर ते आपलं." सगळं हसत हसत बोलली. मला वाटलं, शहाणी आहे, वेळ ओळखून आहे.

तिने वाटलं, आणि इसाकभाईंनी परत आणलं. हो, घरोघर जाऊन. दारात उभे राहायचे, डोक्यावरची टोपी काढून हातात घेऊन, आणि म्हणायचे, "ती आजारी आहे, तिला कळत नाय ती काय करते. राग मानू नका." कोण नाही म्हणणार? माझ्या सुनेनेही मुकाट नळी काढून दिली. मग घरी जाऊन ते कडी तिच्या सुजलेल्या हातात चढवायचे. तेल लावून, फुंकर घालून, हळूहळू. तिला दुखायचं. ती डोळे मिटून घ्यायची पण हात मागे घ्यायची नाही. पाठीवरचं ती दुपारी सोडून उशाशी ठेवायची, नसीम शाळेत शिकवून आली की बांधायचं म्हणून. संध्याकाळी इसाकभाई दुकानातून आले की पुन्हा तिच्याच वेण्यांवर बांधायचे. सोडायचं, बांधायचं. महिनोन् महिने त्या घरात हेच चालू होतं.

मी काय गप्प बसणारी? एकदा जिन्यात गाठलं त्यांना. "इसाकभाई, तिचा हात काळानिळा झालाय. तिला देऊ द्या की. तिच्याकडची रीत आहे ती." त्यांनी भिंतीला हात टेकला. "हलीमा, तू सांगतेस? आपल्याकडे बाईच्या अंगावरचं कधी उतरतं? नवरा मेला की. नाहीतर ती मेली की. मी जिता आहे, ती जिती आहे, आणि मी तिचे हात मोकळे बघू? घरात येणारा प्रत्येक माणूस बघून काय समजेल?" मी म्हटलं, लोकांचं सोडा. "लोकांचं नाय," ते म्हणाले. "मला काय समजेल?" आणि रडायला लागले. एवढा मोठा माणूस, हातात पावाची पिशवी, जिन्यात उभा राहून रडतोय. मी पिशवी त्यांच्या हातातून घेतली. ज्याचं जळतं त्याला कळतं, दुसरं काय.

मग मी नसीमच्या मागे लागले. ती बापापेक्षा हट्टी. "खाला, please," म्हणाली. "मी घेतलं तर तिचं काम संपलं ना? ती स्वतः म्हणते, रिकामी झाली म्हणजे काम संपलं. मी घेणारच नाय. बघू कशी जाते." तेव्हा कळलं मला, पोरीने काय धरून ठेवलं होतं ते. लहानपणी हसतात म्हणून टोपी टाकणारी ही मुलगी, तिला आता त्या चांदीवर आईपेक्षाही जास्त विश्वास बसला होता. आई देऊन जाणार म्हणते, लेक न घेऊन थांबवणार म्हणते, आणि नवरा दोघींच्या मधे रोज संध्याकाळी गाठ मारतो... सगळे एकमेकांवर जीव टाकत होते, आणि तिघांचाही जीव जात होता.

जायच्या दोनच दिवस आधीचं. मी पेज घेऊन गेले होते. गुलजमाल उशांना टेकून बसली होती, दागिना मांडीवर. तिच्या हातात आता फारसा जोर नव्हता, पण डोळे जागे होते. "बाजी, तिला बसव," म्हणाली. मी नसीमला ओढत आणली आणि पलंगावर बसवली. ती आईकडे तोंड करून बसली. "पाठ कर," गुलजमाल म्हणाली. नसीमने मान हलवली. "पाठ कर गो, बांधू कशी?" नसीमने आईचे दोन्ही हात धरले, दागिन्यासकट, आणि तशीच धरून बसली. डोळ्यांत डोळे. मी म्हटलं, "नसीम, वळ." ती वळली नाही. आजारी आईकडे पाठ करून बसायचं कसं, हेही असेल त्यात. आपण वाढवतोच पोरींना तसं. गुलजमाल दमली, तिची मान उशीवर कलली आणि झोप लागली. पेज तशीच थंड झाली. संध्याकाळी इसाकभाईंनी दागिना उचलला आणि पुन्हा तिच्या वेण्यांवर बांधला.

मय्यतीला गुसल द्यायला, म्हणजे शेवटची आंघोळ घालायला, आम्ही चौघी बायका होतो. बांगड्या साबण लावून निघाल्या. कडी निघाली. वेण्या सोडायच्या म्हणून पाठीवरचं बघितलं, तर इसाकभाईंची गाठ अशी घट्ट की सुटेना. एक बाई म्हणाली, "कात्री आणा, दोरच तर आहे." तेवढ्यात दाराबाहेर थांबलेली नसीम आत आली. कुणाकडे बघितलं नाही. आईच्या मागे गुडघ्यांवर बसली आणि नखांनी, मग दातांनी ती गाठ सोडवली. जो दागिना घ्यायला ती महिनोन् महिने तयार नव्हती तो तिला आईच्या पाठीवरून आपल्या हाताने काढावाच लागला. दागिना ओढणीत बांधून ती बाहेर निघून गेली. मला तेव्हापासून चैन नाही. वाटतं, एक वळायचं होतं पोरीने. एवढंच, वळायचं होतं.

परवा दुपारी आमची बेल वाजली. नसीम. रोज एक वेणी घालणारी मुलगी दोन वेण्या घालून आली होती. हातात कापडाची घडी. आत आली, माझ्यासमोर खाली बसली आणि माझ्याकडे पाठ केली. "बांधा, खाला." मी घडी उघडली. चांदी पुसलेली नव्हती, बरं केलं. नसीम समोर भिंतीकडे बघत म्हणाली, "आता हे सामानच ना? अम्मी म्हणायची तसं?" मला तिला खोटं सांगायचं नव्हतं आणि खरं माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मला ठाऊक नाय, बाय." आणि आपली परकराच्या नाडीची मारतात तशी गाठ मारली. दुसरी मला येतच नव्हती. ती उठली, दोन पावलं चालली, आणि घुंगरं वाजली. ती थांबली. मीही दाराला धरून उभी राहिले.

ती जिना चढायला लागली, मी मागून. वरचं दार उघडलं आणि इसाकभाई बाहेर आले, चष्मा नसलेले, झोपेतून उठलेले. "गुल?" त्यांनी विचारलं. साधं विचारलं, पावाला गेलेली बायको परत आली की विचारतात तसं. मग त्यांना नसीम दिसली. ती तिथेच पायरीवर उभी. मला वाटलं, आता हा माणूस हात पुढे करणार आणि तेही काढून घेणार, त्याने घरोघर जाऊन काढून घेतलंय. त्यांनी हात पुढे केलाच. "वळ जरा," म्हणाले. नसीम वळली, बापाकडे पाठ करून माझ्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि तिचे डोळे भरले होते. इसाकभाईंनी चाचपून पाहिलं. "सैल बांधलंय. पडेल कुठेतरी." मग त्यांनी माझी गाठ सोडली आणि त्यांची मारली. वरून दोर घेऊन, दोन्ही वेण्यांच्या मधून, मागे आडवा. गुलजमालचीच गाठ ती, तिची बघून शिकलेली, इतके महिने रोज संध्याकाळी तिच्या पाठीवर मारून त्यांच्या हाताला बसलेली. बांधून झाल्यावर त्यांनी हात काढला नाही, तसाच लेकीच्या पाठीवर ठेवला. "हे मी तिच्या हाताखाली हात धरून करायला पाहिजे होतं, हलीमा," ते म्हणाले. "तिचा हात जिता होता तेव्हा."